घरचा फोन पुन्हा वाजू द्या

फायबर घरात आले, पण फोन मात्र एकाच्याच खिशात राहिला. इंटरनेटवर चालणारा फोन घरात कसा बसवावा, वीज गेल्यावर तो कसा चालू ठेवावा आणि कशापासून सावध राहावे, याची ही माहिती.

श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण या पट्ट्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात जा, प्रत्येक घरातले कोणी ना कोणी बाहेर असतेच. कोणी मुंब्र्याला, कोणी दुबईला, कोणी कुवेतला, तर कोणी जहाजावर. घर चालते बाहेरून येणाऱ्या पैशावर आणि घरातल्यांचा जीव लागलेला असतो बाहेरून येणाऱ्या आवाजाकडे.

या आवाजासाठी आपल्या माणसांनी काय काय केले आहे! आधी पत्रे होती. मग ट्रंक कॉल आले, नंतर आयएसडीचे बूथ. काचेच्या खोक्यात उभे राहून, समोरच्या मीटरचे लाल आकडे पळताना पाहत, अर्ध्या मिनिटात सगळ्यांचे सलाम-दुआ उरकायचे. १ एप्रिल २००२ रोजी परदेशी कॉलवरची विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली आणि त्याच दिवसापासून भारतात इंटरनेटवरून फोन करण्यालाही कायद्याने मोकळीक मिळाली. २००३ साली स्काइप आले. २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवर कॉल सुरू झाले. २०२५ च्या मे महिन्यात स्काइप बंदही झाले. एवढ्या वर्षांत कॉल जवळजवळ फुकट झाला आणि चेहराही दिसू लागला.

तरी एक अडचण राहिली. पूर्वीचा फोन घराचा असे. तो वाजला की जो जवळ असेल तो उचलत असे. आता फोन सुनेच्या पर्समध्ये किंवा नातवाच्या खिशात असतो. सून बाजारात गेली, नातू क्लासला गेला, की घरी एकट्या असलेल्या दादीपर्यंत पोहोचायला वाटच उरत नाही. त्यात जांभ्या दगडाच्या जाड भिंती. अंगणात मोबाइलला दोन काड्या दिसतात, माजघरात एकही नाही. आणि गंमत अशी की, याच घरांत कोपऱ्यात फायबरचा राऊटर लुकलुकत असतो आणि त्याच्या मागचे फोनचे भोक वर्षानुवर्षे रिकामे असते.

आवाज जातो कसा?

जुन्या लँडलाइनमध्ये दोन घरांमध्ये तांब्याच्या तारेची एक सलग वाट बांधली जाई. इंटरनेटवर तसे होत नाही. आपल्या बोलण्याचे बारीक तुकडे केले जातात. साधारणपणे २० मिलिसेकंदांचा एक तुकडा, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहिला जातो, तो पाकिटासारखा पाठवला जातो आणि पलीकडे ती पाकिटे क्रमाने लावून पुन्हा आवाज तयार होतो.

यासाठी किती इंटरनेट लागते? टेलिफोनच्या नेहमीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. पाकिटांवरचे पत्ते वगैरे धरून हा आकडा ८७ च्या आसपास जातो. जायला तेवढे आणि यायला तेवढे. तासभर बोलले तर सुमारे ८० एमबी. आजचा सर्वांत स्वस्त फायबर प्लॅनही याच्या कित्येक पट वेग देतो. तेव्हा ‘फोनसाठी मोठा प्लॅन घ्या’ असे कोणी सांगू लागले तर घाई करू नका.

खरी अडचण वेगाची नसते, पाकिटे नियमित पोहोचण्याची असते. ती उशिरा आली, मागेपुढे आली किंवा वाटेत हरवली की आवाज तुटतो, रोबोटसारखा होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार तोंडातून निघालेला शब्द पलीकडच्या कानात १५० मिलिसेकंदांच्या आत पडला तर संभाषण सहज वाटते. उशीर वाढत गेला की दोघे एकदम बोलू लागतात आणि मग दोघेही एकदम थांबतात. हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेला आहे.

घरात फोन आणण्याच्या चार वाटा

पहिली वाट, फायबरसोबत मिळणारा लँडलाइन. बीएसएनएल, जिओ, एअरटेल या कंपन्या घरगुती फायबरसोबत लँडलाइन नंबर देतात आणि बऱ्याच प्लॅनमध्ये देशांतर्गत कॉल त्यातच धरलेले असतात. नंबर सुरू आहे का, हे कंपनीकडून विचारून घ्या. मग बाजारातला साधा, तारेचा फोन आणा आणि राऊटरच्या मागच्या फोनच्या भोकात त्याची पिन बसवा. हे भोक इंटरनेटच्या केबलच्या भोकापेक्षा लहान असते. फोनच्या खाली किंवा बाजूला पल्स आणि टोन असे बटण असेल तर ते टोनवर ठेवा. रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन आला की काम झाले.

घरात जुन्या लँडलाइनची वायरिंग असेल आणि तीच वापरून दुसऱ्या खोलीत फोन न्यायचा असेल, तर बाहेरून येणारी खांबावरची जुनी तार आधी पूर्ण सोडवून घ्या. ती तशीच राहिली तर राऊटरचे नुकसान होऊ शकते. अशा फोनवरून मोबाइलला लावताना नंबरच्या आधी शून्य दाबावे लागते. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर हाच नियम आहे. परदेशातल्या मुलाला नंबर देताना मात्र एसटीडी कोडमधला शून्य काढून द्या. रत्नागिरीचा कोड ०२३५२ आहे, तर त्याने ९१ नंतर २३५२ आणि पुढे घरचा नंबर लावायचा. कित्येक घरांत ‘नंबर लागतच नाही’ या तक्रारीचे मूळ या एका शून्यात असते.

दुसरी वाट, वाय-फाय कॉलिंग. घरात वाय-फाय आहे पण मोबाइलला रेंज नाही, अशा घरासाठी हा सर्वांत सोपा उपाय. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय सुरू केली. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या भागात वाय-फाय कॉलिंग नावाचे बटण असते, ते चालू करा. मग कॉल टॉवरऐवजी घरच्या इंटरनेटवरून जातो. नंबर तोच, डायल करण्याची पद्धत तीच, वेगळे ॲप लागत नाही. फक्त मोबाइल या सोयीचा असावा लागतो.

तिसरी वाट, ॲपवरचे कॉल. हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून एकच गोष्ट सांगतो. आवाज तुटू लागला की पहिल्यांदा व्हिडिओ बंद करा. चित्राला आवाजाच्या कित्येक पट जास्त इंटरनेट लागते. चेहरा पाहून झाला की कॅमेरा बंद करून निवांत बोला. काही कंपन्यांचे ॲप मोबाइलमध्ये घेतले की घरचा लँडलाइन नंबर मोबाइलवरही वाजतो, तीही सोय पाहून ठेवा.

चौथी वाट हौशी मुलांसाठी, म्हणजे घरातल्या घरात इंटरकॉम. तीन भाऊ, तीन मजले आणि खालच्या खोलीत आजारी दादा, अशा एकत्र कुटुंबात याचा खरा उपयोग होतो. ‘ॲस्टरिस्क’ ही मोफत प्रणाली १९९९ पासून जगभर वापरात आहे. ती एखाद्या जुन्या संगणकावर किंवा तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावर बसते. तो संगणक राऊटरला केबलने जोडायचा आणि राऊटरच्या सेटिंगमध्ये त्याला कायमचा पत्ता द्यायचा. मग प्रत्येक खोलीसाठी १०१, १०२ असे नंबर आणि प्रत्येकाला वेगळा पासवर्ड ठरवायचा. घरातल्या मोबाइलमध्ये ‘लिनफोन’सारखे मोफत ॲप घेऊन त्यात संगणकाचा पत्ता, खोलीचा नंबर आणि पासवर्ड भरला की दादांच्या खोलीतून माडीवर कॉल लागतो. हा कॉल घराबाहेर जातच नाही, त्यामुळे इंटरनेट बंद असले तरी राऊटर चालू आहे तोवर इंटरकॉम चालतो.

दोन पथ्ये मात्र पाळा. ही प्रणाली बाहेरच्या इंटरनेटला उघडी ठेवू नका. अशा यंत्रांचे पासवर्ड ओळखून त्यांवरून महागडे परदेशी कॉल करणाऱ्या टोळ्या चोवीस तास शोधात असतात. आणि ती बाहेरच्या टेलिफोनच्या जाळ्याला स्वतःच्या मनाने जोडू नका. तो अधिकार परवानाधारक कंपन्यांचा आहे.

राऊटर कुठे, केबल कुठून

आमच्या पाहण्यात बहुतेक घरांत राऊटर दाराजवळ, जिथे फायबर आत शिरले तिथेच टांगलेला असतो. जोडणी करणाऱ्या माणसाला तेच सोपे पडते. पण फोन लागणार असतो मागच्या खोलीत. शक्य असेल तर जोडणीच्या दिवशीच फायबर घराच्या मध्यावर आणून घ्या. ते शक्य नसेल तर राऊटरपासून मागच्या खोलीपर्यंत एक इंटरनेटची केबल ओढा आणि तिथे दुसरे वाय-फाय यंत्र लावा. जाड भिंतीपलीकडे २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झपेक्षा लांब पोहोचते. फायबरची तार बारीक काचेची असते. ती तीव्र कोनात मोडू नका, खिळ्याला गुंडाळू नका आणि उंदरांची ये-जा असलेल्या जागेतून नेऊ नका.

काही बिघडले तर पुढील खुणांवरून दोष ओळखता येतो.

आवाज ठरावीक वेळीच तुटतो: त्या वेळी घरात कोणीतरी फोटो-व्हिडिओ वर चढवत असते किंवा मोबाइलचा बॅकअप चालू असतो. राऊटरमध्ये आवाजाला प्राधान्य देण्याची सोय असेल तर ती चालू करा, नाहीतर बॅकअप रात्रीवर टाका.

त्यांचे आपल्याला ऐकू येते, आपले त्यांना येत नाही: आधी माइकची परवानगी तपासा. ती ठीक असेल आणि आपण वेगळे फोन ॲप किंवा फोनचे यंत्र वापरत असू, तर राऊटरमधली ‘एसआयपी एएलजी’ ही सेटिंग बंद करून पाहा. एकामागे एक असे दोन राऊटर लावले असतील तरी हा त्रास होतो.

आपलाच आवाज परत ऐकू येतो: दोष बहुधा पलीकडच्या स्पीकरचा असतो. त्यांना स्पीकर बंद करायला किंवा आवाज कमी करायला सांगा.

राऊटरवर लाल दिवा लुकलुकतो: फायबर तुटले आहे किंवा निसटले आहे. सेटिंगशी खेळत बसू नका, थेट तक्रार नोंदवा.

वीज गेली तर?

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. जुन्या तांब्याच्या लँडलाइनला लागणारी वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून तारेवाटेच येत असे. गावात अंधार झाला तरी फोन चालू राही. काचेच्या तारेतून वीज येत नाही. घरची वीज गेली की राऊटर बंद, आणि राऊटर बंद म्हणजे लँडलाइन, वाय-फाय कॉलिंग, इंटरकॉम सगळेच बंद.

कोकणातल्या घराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा झाडांबरोबर विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले आणि कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. दोन्ही वेळा बाहेर असलेली माणसे नंबर फिरवत राहिली आणि घरातली माणसे सुखरूप आहेत, हे सांगायला वाट नव्हती.

त्यासाठी राऊटरला छोटा यूपीएस लावा. घेण्याआधी राऊटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहा. बहुतेकांवर १२ व्होल्ट असते, पण न पाहता घेऊ नका. किती वेळ चालेल याचा हिशेब सोपा आहे. ८८०० एमएएच, ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे सुमारे ३२ वॅट-तास. त्यातले काही वाया जाते, हाती २५-२६ राहतात. राऊटर १० वॅट खात असेल तर अडीच तास मिळाले. घरात इन्व्हर्टर असेल तर राऊटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, तेवढ्यानेही काम होते. फोन तारेचाच घ्या. कॉर्डलेस फोनच्या बुडाला वेगळी वीज लागते आणि ती गेली की तोही मुका होतो.

यूपीएस बसवला की घरचा मेन स्विच बंद करून एक कॉल लावून पाहा. परीक्षा आजच झालेली बरी. एवढे करूनही मोठ्या वादळात फायबरच तुटू शकते. म्हणून दुसऱ्या कंपनीचे सिम घातलेला एक साधा बटणांचा मोबाइल चार्ज करून ठेवा. दोन वाटा वेगवेगळ्या असल्या तर दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता कमी होते.

आखाताकडचे नियम

आपल्या बाजूने सगळे ठीक असूनही दुबईहून व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, तेव्हा राऊटरला दोष देऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेट कॉलवर नियंत्रण आहे. तिथे परवानगी असलेली ‘बोटिम’सारखी ॲप वापरावी लागतात. तेच ॲप गावच्या मोबाइलमध्येही ठेवा. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१७ मध्ये इंटरनेट कॉलवरची सरसकट बंदी उठवली. हे नियम बदलत असतात, म्हणून तिथे राहणाऱ्याने ते तिथेच विचारून घ्यावेत. व्हीपीएन लावून बंदीला वळसा घालण्याचा सल्ला मित्र सहज देतात. पण अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात अशा आडवाटेने गुन्हा केल्यास लाखो दिरहमचा दंड आणि कैदेची तरतूद आहे. दहा मिनिटांच्या गप्पांसाठी मुलाची नोकरी आणि व्हिसा पणाला लावू नका. घरच्यांनीही ‘तू कसाही कर, पण व्हिडिओ कॉल कर’ असा हट्ट धरू नये.

वेळेचा मेळही घाला. दुबई आणि मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, तर सौदी, कुवेत, कतार अडीच तास मागे. आपण इशाची नमाज आणि जेवण आटोपून साडेनऊला बसतो, तेव्हा रियाधला सात वाजलेले असतात. दोघांना सोयीची वेळ एकदा ठरली की रोजची चुकामूक थांबते.

दाराशी आलेला चोर

फोनची सोय वाढली तशी फसवणूकही वाढली. तीन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात.

एक, कोणी म्हणाले, ‘तुमची रिकामी खोली द्या, फक्त इंटरनेट आणि एक मशीन ठेवायचे आहे, भाडे चांगले देऊ,’ तर सावध व्हा. ते मशीन सिम बॉक्स असू शकते. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल त्यातल्या सिममधून स्थानिक कॉल म्हणून पुढे सोडला जातो. हा गुन्हा आहे आणि पोलीस आले की खोली कोणाची, सिम कोणाच्या नावावर, वीजबिल कोणाचे, हेच आधी विचारले जाते. आपल्या आधारवर दुसऱ्याला सिम काढून देणे हेही त्याच वाटेने जाते.

दोन, ‘आम्ही पोलीस बोलतोय, तुमचा मुलगा सापडलाय, फोन ठेवायचा नाही,’ असा कॉल आला तर सरळ फोन ठेवा आणि मुलाला लावा. फोनवरून कोणाला अटक होत नाही. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

तीन, राऊटर आणि वाय-फाय या दोन्हींचे मूळ पासवर्ड बदला. घरच्या लँडलाइनवरून परदेशी कॉल लावायचे नसतील तर आयएसडी बंद ठेवायला कंपनीला सांगा. मुलाकडून येणारा कॉल त्यामुळे अडत नाही.

दादीच्या हाताशी

फोन बसवला म्हणजे काम संपले असे नाही. तो वापरणारी व्यक्ती सत्तरीची आहे, डोळे अधू आहेत, कान मंद आहेत. मोठ्या आकड्यांचा आणि मोठ्या आवाजाच्या रिंगचा फोन घ्या. तो पलंगावरून हात पोहोचेल असा ठेवा, शोकेसमध्ये नको. ज्या फोनमध्ये एका बटणावर नंबर साठवता येतो तो घेतला तर पहिले बटण मुलाचे, दुसरे शेजाऱ्याचे ठेवा. ११२ आणि १०८ हे नंबर, शेजारच्या घराचा नंबर आणि आपल्या घराचा पूर्ण पत्ता जाड अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावा. दादी मराठी वाचत असेल तर मराठीत, उर्दू वाचत असेल तर उर्दूत. मशिदीमागे, पाण्याच्या टाकीजवळ अशी खूणही लिहा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही. घर बदलले तर जोडणीचा पत्ता कंपनीच्या नोंदीत बदलून घ्या.

आणि तिला स्वतःला दोन-तीनदा फोन लावायला सांगा. आपण लावून तिच्या हातात देणे वेगळे आणि तिने लावणे वेगळे.

सुट्टीवर आलेला मुलगा घराला रंग काढतो, फरशी बदलतो, नवा टीव्ही आणतो. त्याच सुट्टीतली एक दुपार या कामाला द्यावी. तारेचा एक फोन, एक छोटा यूपीएस, पंधरा मीटर केबल आणि भिंतीवरचा एक पुठ्ठा, एवढेच सामान. परत निघण्याआधी त्याने अंगणात उभे राहून घरचा नंबर लावावा आणि आत दादीने तो उचलला याची खात्री करून मगच बॅग उचलावी.